सूर्य तोलणाऱ्या तराजूची परीक्षा

२५ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी आमच्या दांडिया बाजारातील गच्च्यांवर जी गर्दी लोटली होती, ती एरवी केवळ उत्तरायणाच्या दिवशीच पाहावयास मिळते. आदल्या रात्री लक्ष्मीपूजन झालेले, पाडवा अजून यावयाचा, आणि मधल्या रिकाम्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण आलेले. वडीलधाऱ्या बायकांनी वेध पाळून स्वयंपाकघराला कडी घातली होती आणि पाण्याच्या भांड्यांत तुळशीची पाने टाकली होती. मुलांना मात्र कशाचीच भीड नव्हती. कोणीतरी वेल्डिंगची चौदा क्रमांकाची जाड काच पैदा केली होती, आणि ती या हातातून त्या हातात फिरत होती. शेजारच्या बिऱ्हाडातील एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीची पाळी आली. तिने काच डोळ्यांपुढे धरली आणि ती ओरडली, "काका, सूर्य हिरवा आहे!"

गच्चीवर हशा पिकला. "अगं, सूर्य नव्हे, काच हिरवी आहे," असे एकाने तिला समजावलेही. ती काच न काढताच म्हणाली, "पण काचेशिवाय तर बघायचं नाही ना? मग कशावरून?"

सूर्य ग्रस्त स्थितीतच मावळला, बायका स्नानाला गेल्या, गच्च्या रिकाम्या झाल्या. तो प्रश्न मात्र आमच्या मनातून मावळला नाही. सूर्य हिरवा नाही हे आम्हांला ठाऊक असते, कारण काचेवाचूनही तो आम्ही रोज पाहत असतो. परंतु ज्याने सूर्य केवळ त्या काचेतूनच पाहिला आहे, आणि ज्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तो पाहता येणार नाही, अशा माणसाने हिरवा रंग कोणाच्या पदरात टाकावा? सूर्याच्या की काचेच्या? आम्ही आयुष्यभर मराठी शिकविले. पदार्थविज्ञान हा आमचा विषय नव्हे. तरीही शाळेतील विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारीत, मिळेल ते वाचीत गेलो, तेव्हा ध्यानात आले की नेमक्या याच प्रश्नाशी झुंजणारे शास्त्रज्ञ आमच्या बडोद्यापासून रेल्वेने दोन-अडीच तासांच्या आत, अहमदाबादेस बसलेले आहेत. त्यांच्या त्या झुंजीची हकीगत वाचकांपुढे ठेवावी, असे वाटले.

सूर्याचा जो तेजोगोल आपणांस दिसतो, त्याच्या पृष्ठभागाचे तपमान साडेपाच हजार अंशांच्या आसपास असते. त्याच्याभोवती एक अतिविरळ प्रभामंडळ पसरलेले आहे. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती जे मोतिया रंगाचे वलय दिसते, ते हेच. त्याचे तपमान मात्र दहा लाख अंशांहूनही अधिक असते. सूर्यडागांच्या परिसरात चुंबकीय बलरेषा पिळवटत जातात आणि एखाद्या क्षणी त्या तुटून निराळ्या रीतीने जुळतात. तसे झाले की साठून राहिलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते आणि तेथील वायू एक-दोन कोटी अंशांपर्यंत तापतो. यालाच सौरज्वाला म्हणतात. इतका तप्त वायू मुख्यतः क्ष-किरणांनी प्रकाशतो. १८९५ साली राँटगेन यांनी शोधलेले आणि हाड मोडले की आपण ज्यांच्यापुढे हात धरतो, तेच हे किरण.

या ज्वाला मोजण्याचे प्रयोजन केवळ कुतूहलाचे नाही. ज्वालेचे क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीपाशी येतात आणि वातावरणाच्या वरच्या थरांत गडबड उडवून लघुलहरींचे रेडिओ-संदेश मुके करतात. मोठ्या ज्वालांबरोबर पुष्कळदा विद्युद्भारित द्रव्याचे लोटही सुटतात आणि ते एक ते तीन दिवसांनी येऊन पोहोचतात. १३ मार्च १९८९ रोजी अशाच एका लोटामुळे उठलेल्या चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालविली आणि साठ लाख माणसे अंधारात राहिली. मे २०२४ मधील वादळाच्या वेळी तर आपल्या लडाखातील हान्ले येथे आकाशात तांबूस प्रभा दिसली. तेव्हा ज्वाला केव्हा उठते, किती तापते आणि तिच्यात काय असते, हे नेमके कळणे अगत्याचे आहे.

अडचण अशी की, पृथ्वीचे वातावरण क्ष-किरणांना खाली उतरू देत नाही. आपल्या जिवाच्या दृष्टीने हे मोठेच उपकार होत. परंतु शास्त्रज्ञाला त्यामुळे वातावरणाबाहेर जावे लागते. १९४९ साली हर्बर्ट फ्रीडमन यांनी व्ही-२ अग्निबाणावर उपकरण चढवून सूर्याच्या क्ष-किरणांचे मापन केले. आपल्याकडे विक्रम साराभाई यांनी १९४७ साली अहमदाबादेत स्थापन केलेल्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने ही वाट धरली. राजमल जैन यांच्या पुढाकाराने तेथे सिद्ध झालेले 'सॉक्स' नावाचे उपकरण ८ मे २००३ रोजी 'जीसॅट-२' या उपग्रहाबरोबर अवकाशात गेले. पुढे २२ जुलै २०१९ रोजी चांद्रयान-२ निघाले, त्यावर याच प्रयोगशाळेने घडविलेले 'एक्सएसएम' म्हणजे सौर क्ष-किरण निरीक्षक हे उपकरण होते.

चांद्रयान-२ म्हटले की ७ सप्टेंबर २०१९ ची ती रात्र आठवते. विक्रम अवतरकाचा संपर्क तुटला आणि सारा देश हळहळला. पण चंद्राभोवती फिरणारा त्याचा सोबती शाबूत होता, आणि त्याच महिन्यात त्याच्यावरील हे छोटे उपकरण सूर्याकडे डोळा लावून बसले. चंद्राच्या मोहिमेत सूर्याचे काय काम, असे कोणी विचारील. सूर्याचे क्ष-किरण चंद्राच्या मातीवर पडले की मातीतील मूलद्रव्ये आपापल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण उत्सर्जित करतात. ते टिपून माती कशाची आहे हे ओळखणारे 'क्लास' नावाचे दुसरे उपकरण त्याच यानावर आहे. परंतु परत आलेल्या किरणांवरून मातीचा हिशेब करावयाचा, तर मुळात सूर्याकडून किती आले हे आधी ठाऊक हवे. जमाखर्चात जमेची बाजू लिहिणारा कारकून म्हणजे हे 'एक्सएसएम' होय.

आता ही काच, म्हणजे हा शोधक, आतून कसा आहे ते पाहू. तो सिलिकॉनचा एक लहानसा तुकडा आहे. त्याला उणे तापमानात थंड ठेवलेले असते. क्ष-किरणाचा एक कण त्यात शिरला की तो सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन सुटे करतो. एक इलेक्ट्रॉन सुटा करण्यास सरासरीने ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा खर्ची पडते. म्हणजे ५.९ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा कण आला, तर सुमारे सोळाशे इलेक्ट्रॉन सुटतात. हे इलेक्ट्रॉन मोजावयाचे आणि त्यांच्या संख्येवरून आलेल्या कणाची ऊर्जा सांगावयाची, एवढेच या यंत्राचे काम. कोणत्या ऊर्जेचे किती कण आले याची जी यादी तयार होते, ती वर्णपट. 'एक्सएसएम' अशी एक यादी दर सेकंदाला करते, आणि १ ते १५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ही तिची मर्यादा आहे.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण येथूनच काचेचा हिरवा रंग मिसळू लागतो. पहिली गोष्ट, सोळाशे हा आकडा सरासरीचा आहे. एकाच ऊर्जेचे शंभर कण आले तरी कोणी थोडे अधिक इलेक्ट्रॉन सोडतो, कोणी थोडे कमी; त्यात यंत्राच्या विद्युतमंडलाची स्वतःची कुजबुज मिसळते. त्यामुळे सूर्याने केसासारखी बारीक रेषा पाठविली, तरी यंत्रात ती फुगून टेकडीसारखी दिसते. 'एक्सएसएम'मध्ये ५.९ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी या टेकडीची रुंदी १८० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आत ठेवण्यात शास्त्रज्ञांना यश आले. ते मोठेच यश होय. तरी टेकडी ती टेकडीच.

दुसरी गोष्ट दारावरची. शोधकापुढे बेरिलियम धातूची ८ मायक्रोमीटर जाडीची खिडकी आहे. दृश्य प्रकाश तिच्यातून आत येत नाही, क्ष-किरण येतात. पण सगळे सारख्या सुलभतेने येत नाहीत. २ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहा कणांपैकी नऊ पार होतात, तर १ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहांपैकी निम्मेही होत नाहीत. सूर्याकडून येणाऱ्या कणांत दुबळे कण अतोनात असतात आणि बलवान कण झपाट्याने विरळ होत जातात. म्हणजे खरी यादी एका बाजूने सारखी उतरत जाणारी. यंत्राने केलेली यादी मात्र आधी चढते आणि मग उतरते. मध्ये जो उंचवटा दिसतो, तो सूर्यावर कोठेच नसतो. तो खिडकीने घडविलेला असतो. अनोळखी माणूस मात्र त्यालाच सूर्याचे रहस्य समजून बसेल.

तिसरी गोष्ट अधिक गमतीची. कधीकधी, शंभरांत एकाहूनही कमी वेळा, आत शिरलेल्या कणाची थोडी ऊर्जा सिलिकॉनच्याच क्ष-किरणाच्या रूपाने तुकड्याबाहेर निसटते. ही निसटलेली रक्कम नेहमी ठरलेली, १.७४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणून ज्वालेतील लोहाची ६.७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी येणारी प्रखर रेषा आपल्यामागे ४.९६ पाशी एक फिकट सावली टाकते. तेथे कोणतेही मूलद्रव्य बोलत नसते. लोहाचाच तो प्रतिध्वनी असतो.

हे सारे आम्हांला उमगले ते आमच्याच धंद्यातील एका अनुभवामुळे, आणि तो अनुभव फारसा भूषणावह नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आंतरशालेय शिष्यवृत्ती परीक्षेच्या तपासणीची जबाबदारी आमच्यावर होती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोन परीक्षकांत वाटले. दोघेही प्रामाणिक, दोघेही विद्वान. परंतु एकाचा हात सढळ, दुसऱ्याचा आखडता. आम्ही आलेले गुण जसेच्या तसे एका यादीत मांडले आणि वरची नावे जाहीर केली. आखडत्या हाताच्या गठ्ठ्यातील एक मुलगा दोन गुणांनी यादीबाहेर राहिला. पुढे काही कारणाने त्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहण्यात आल्या, तेव्हा आमच्या ध्यानात आले की तोच पेपर दुसऱ्या गठ्ठ्यात असता तर तो मुलगा पहिल्या पाचांत आला असता. निकाल लागून गेला होता. मुलाच्या घरची परिस्थिती बेताची होती. त्या वर्षी त्याने शाळा सोडली. परीक्षकांनी खोटे काहीच केले नव्हते. चूक आमची होती. मोजणाऱ्याचे माप न घेता त्याच्या मापावर आम्ही विसंबलो होतो.

त्या वेळी करावयास हवे होते ते असे. ज्यांचे खरे गुण आधीच ठरलेले आहेत अशा नमुना उत्तरपत्रिका दोन्ही परीक्षकांना द्यावयाच्या. साठ गुणांच्या लायकीच्या पत्रिकेला हा परीक्षक कधी साठ, कधी अठ्ठावन, कधी चौपन्न देतो. चाळिसाच्या लायकीचीला अमुक इतके देतो. अक्षर वाईट असले तर मुळीच वाचीत नाही. अशी प्रत्येक परीक्षकाच्या स्वभावाची एक सारणी तयार होते. उभ्या बाजूला खरे गुण, आडव्या बाजूला दिलेले गुण. क्ष-किरणांच्या शोधकाचीही तंतोतंत अशीच सारणी करतात. तिला प्रतिसाद-सारणी म्हणावे. अमुक ऊर्जेचा कण आला, तर तो टिपला जाण्याची शक्यता किती, आणि टिपला गेला तर यादीच्या कोणकोणत्या रकान्यात किती वेळा पडेल, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. खिडकीची अडवणूक, टेकडीची रुंदी, लोहाची सावली, सगळे त्यात येते.

सारणी हाती आली की उलट गणित करून यंत्राच्या यादीवरून सूर्याची यादी काढावी, असे कोणासही वाटेल. येथे एक सापळा आहे. शाईच्या पत्रावर टीपकागद दाबला की अक्षरे पसरून एकमेकांत मिसळतात. त्या डागावरून पत्र वाचू पाहणाऱ्यास एकाच डागातून चार निरनिराळी पत्रे सापडू शकतात. आणि डागात एखादा ठिपका कमीअधिक असला, तर पत्राचा मजकूरच पालटतो. यंत्राच्या यादीतही असे योगायोगाचे ठिपके असतातच. उलट गणित त्यांना इतके फुगविते की जेथे काही नाही तेथे डोंगर उभे राहतात.

म्हणून शास्त्रज्ञ सरळ वाटेने जातात. आधी एक अंदाज बांधतात: ज्वालेचे तपमान इतके, तिच्यातील तप्त द्रव्य इतके, मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह यांचे प्रमाण इतके. अशा ज्वालेने कोणते क्ष-किरण पाठविले असते, हे अणुशास्त्राच्या आधारे काढतात. ते किरण कागदावरच प्रतिसाद-सारणीतून पार करतात. जणू पत्र लिहून त्यावर स्वतःच टीपकागद दाबतात. निघालेला डाग आणि यंत्राने दिलेला डाग शेजारी ठेवून ताडून पाहतात. जुळला नाही तर अंदाज सुधारतात, पुन्हा दाबतात, पुन्हा ताडतात. अखेर जुळला, तरी हेच एक उत्तर खरे असे म्हणण्याची घाई करीत नाहीत; आणखी कोणकोणत्या अंदाजांनी तितकाच डाग पडतो हे पाहून उत्तराबरोबर त्याची अनिश्चितताही सांगतात.

याहून अवघड प्रसंग गर्दीचा. गणेशोत्सवात मांडवाच्या दाराशी स्वयंसेवक बसवून येणाऱ्यांची मोजदाद करावयास सांगितली, तर सकाळी त्याची वही अचूक असते. रात्री आरतीच्या वेळी गर्दी लोटली की दोन प्रकारच्या चुका होऊ लागतात. तो वहीत रेघ ओढीत असताना दोघे-तिघे निसटून जातात. आणि कडेवर मूल घेतलेली आई एकच व्यक्ती म्हणून मोजली जाते. शोधकाचेही असेच होते. एका कणाची नोंद चालू असताना आलेला दुसरा कण सुटतो. या अवधीला मृतकाल म्हणतात. आणि दोन कण अगदी एकदम आले तर यंत्र त्यांना एक समजून त्यांच्या ऊर्जांची बेरीज लिहिते. ३ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन सामान्य कण ६ चा एक बलवान कण होऊन बसतात. बलवान कण हे अतितप्त वायूचे लक्षण होय. म्हणजे ज्वाला जितकी मोठी, तितकी गर्दी अधिक. गर्दी अधिक, तितके जोडकण अधिक. आणि जोडकणांचा हिशेब चुकला तर ज्वाला आहे त्याहून कितीतरी तप्त असल्याचा निकाल हाती येतो. नेमक्या महत्त्वाच्या क्षणी तराजू फसवितो.

यावर तोड म्हणून 'एक्सएसएम'चे प्रवेशद्वारच एक मिलिमीटरहून लहान ठेवले आहे. शिवाय फार तीव्र ज्वाला उठली की पाव मिलिमीटर जाडीचा बेरिलियमचा आणखी एक पडदा आपोआप पुढे सरकतो आणि दुबळ्या कणांची गर्दी दारातच थोपवितो. पडदा आला की अर्थातच प्रतिसाद-सारणी पालटते. दोन्ही स्थितींची सारणी वेगवेगळी जपावी लागते. त्यातच हे उपकरण यानाच्या अंगावर पक्के बसविलेले. यान चंद्राभोवती फिरते तसा सूर्य त्याला कधी समोरून, कधी तिरका दिसतो. कोन बदलला की प्रवेशद्वाराचे प्रभावी क्षेत्र बदलते. म्हणजे सारणी ही भिंतीवर टांगलेली पाटी नव्हे. पंचांगाप्रमाणे ती त्या त्या वेळेची पाहावी लागते.

मग अशी सारणी खरी कशावरून? त्या मुलीचा "कशावरून" येथे पुन्हा उभा राहतो. त्याचे उत्तर तिने स्वतःच शोधले होते, हे आम्हांला नंतर कळले. ग्रहणाच्या रात्री तिने तीच काच घेऊन अंधाऱ्या खोलीत जुन्या धाटणीच्या बल्बची पेटलेली तार पाहिली होती. पिवळसर तार काचेतून हिरवी दिसली. बल्बचा रंग तिला ठाऊक होता. तेव्हा हिरवेपणा काचेचा, हे ठरले. याच कृतीला शास्त्रज्ञ अंशांकन म्हणतात.

'एक्सएसएम' पृथ्वीवर असतानाच त्याच्यावर ज्ञात ऊर्जेचे क्ष-किरण सोडून त्याची दीर्घ परीक्षा घेण्यात आली. प्रयोगशाळेतील स्रोत वापरले, तसेच एकाच ऊर्जेचे निवडक किरण देणाऱ्या किरणवाहिन्याही वापरल्या. अशा किरणवाहिन्या आपल्या देशात, होळकरांच्या इंदुरात, 'इंडस-२' या मोठ्या यंत्रावर आहेत. तापमान बदलले तर मोजणी किती सरकते, गर्दीत मृतकाल किती, जोडकण किती, हे सारे टिपून २०२० साली ते प्रसिद्ध करण्यात आले. परंतु एकदा परीक्षा झाली म्हणजे संपले असेही नाही. अवकाशात गेलेल्या यंत्राचा स्वभाव काळाने पालटू शकतो. म्हणून यंत्राबरोबर लोह-५५ या किरणोत्सारी द्रव्याचा एक कण आणि टायटॅनियमचा पातळ पत्रा पाठविलेला आहे. अधूनमधून तो शोधकापुढे आणावयाचा, त्यातून ५.९ आणि ४.५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या रेषा ठरलेल्या जागी उमटल्या पाहिजेत. उमटल्या नाहीत, तर चूक सूर्याची नव्हे.

एवढा खटाटोप केल्याने पदरात काय पडले? २०१९-२० च्या सुमारास सूर्य गेल्या शंभर वर्षांत क्वचितच असतो इतका शांत होता. त्या काळात, ७६ दिवसांच्या निरीक्षणांत, ज्यांची गणना ज्वालांच्या सर्वांत खालच्या 'ए' वर्गातही होत नाही अशा ९८ सूक्ष्मज्वाला या उपकरणाने टिपल्या. त्याही सूर्यडागांपासून दूर, निवांत भागात. प्रभामंडळ पृष्ठभागाहून इतके तापते कशाने, या जुन्या कोड्याच्या दृष्टीने ही मोलाची नोंद होय.

दुसरा निष्कर्ष तर आमच्या विषयाचा गाभाच आहे. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, लोह अशी काही मूलद्रव्ये प्रभामंडळात पृष्ठभागाच्या मानाने तीन-चार पटींनी अधिक आढळतात. २०२१ साली बिश्वजित मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एक्सएसएम'ने टिपलेल्या 'बी' वर्गाच्या नऊ ज्वालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्वाला चढू लागली की या द्रव्यांचे प्रमाण घटत जाऊन शिखरापाशी पृष्ठभागाइतके होते, आणि ज्वाला ओसरताच ते लगेच पूर्वपदावर येते, असे त्यांना दिसले. खालच्या थरांतील द्रव्य उकळून वर येते आणि ज्वालेत मिसळते, असा त्याचा एक अर्थ लागतो.

आता यातील पेच पाहा. सूर्यावरील सिलिकॉनची मुख्य रेषा १.८६ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी उमटते. शोधकही सिलिकॉनचाच, आणि सिलिकॉनची क्ष-किरण शोषण्याची क्षमता १.८४ पाशी एकाएकी उडी घेते. म्हणजे ज्या जागी सूर्याच्या सिलिकॉनची साक्ष नोंदवावयाची, नेमक्या त्याच जागी यंत्रातील सिलिकॉन मध्ये बोलू लागतो. शिवाय हा बदल ज्वालेबरोबर चढतो आणि उतरतो. मृतकाल आणि जोडकणही ज्वालेबरोबरच चढतात आणि उतरतात. प्रतिसाद-सारणीत या जागी थोडीशी जरी गफलत राहिली असती, तर सूर्यावर न घडलेली गोष्ट घडली असे पाठ्यपुस्तकांत छापले गेले असते, किंवा घडलेली गोष्ट यंत्राचा दोष म्हणून पुसली गेली असती. या निष्कर्षामागे जी हिंमत आहे, ती आधीच्या त्या रुक्ष परीक्षांतून आलेली आहे. आणि चूक सूर्यापाशीच थांबली नसती. जमेची बाजू चुकली की चंद्राच्या मातीचा खर्चही चुकला असता.

हा धडा पुढील मोहिमांतही गिरविला गेला आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी, संक्रांतीच्या आठवडाभर आधी, आपल्या कक्षेत स्थिर झाले. त्यावरील 'सोलेक्स' या क्ष-किरणमापकात दोन शोधक आहेत, एकाचे द्वार मोठे, दुसऱ्याचे लहान. सूर्य शांत असता मोठ्याने पाहावे, ज्वाला भडकली की लहानाची साक्ष काढावी. एक मोजदाद करणारा गर्दीत गोंधळणारच, हे गृहीत धरून दारात दुसरा बसविण्याचे हे शहाणपण आहे.

ती मुलगी आता मोठ्या वर्गात गेली आहे. वेल्डिंगची ती काच तिने कापडात गुंडाळून कपाटात ठेवली असल्याचे तिच्या आईने सांगितले. सूर्याविषयी तिने त्या दिवशी चुकीचे विधान केले, असे आम्हांला आता वाटत नाही. तिने जे दिसले ते सांगितले, ते कशातून दिसले हे विसरली नाही, आणि त्याच रात्री काचेची परीक्षा घेऊन मोकळी झाली.

आमच्याकडे आजही तपासणीचे काम येते. गठ्ठे वाटण्यापूर्वी त्याच दहा नमुना उत्तरपत्रिका आम्ही सर्व परीक्षकांच्या हाती देतो, प्रत्येकाचे गुण एका कागदावर मांडतो, आणि मगच कामास आरंभ करतो. वेळ जातो, काही सहकाऱ्यांना राग येतो, तरी ही पद्धत आम्ही मोडीत नाही. यादीबाहेर राहिलेल्या त्या मुलाला मात्र तिचा काही उपयोग झाला नाही.